क्षणिक आघाताचे मापन : हॉपकिन्सन कांबेचा इतिहास

लोखंडाची तार, पोलादाचा पत्रा किंवा रबराची चकती यांवर हळूहळू भार चढवीत नेला, तर तो पदार्थ किती ताणला जातो, कोणत्या भाराला त्यात कायमचा बदल होतो आणि शेवटी कोणत्या भाराला तो तुटतो, हे प्रयोगशाळेतील कोणतेही चांगले परीक्षणयंत्र सांगू शकते. परंतु त्याच पदार्थावर बंदुकीची गोळी आदळली किंवा त्याला लागूनच स्फोटक उडाले, तर तो जणू निराळ्याच स्वभावाचा असावा तसा वागतो. संथ भाराखाली वाकणारी वस्तू आघाताखाली तडकते. उलट, संथ भाराने जी तार तुटली असती ती क्षणभर त्याहून अधिक भार सोसून अखंड राहते. जहाजाचे कवच, तोफेची नळी किंवा मोटारीची चौकट यांचा आराखडा करणाऱ्यास पदार्थाच्या या दुसऱ्या स्वभावाची माहिती असल्यावाचून गत्यंतर नाही. तथापि ती माहिती खात्रीलायकपणे हाती येण्यास, पहिल्या महत्त्वाच्या प्रयोगापासून मोजले तर, जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. या विलंबाचे मूळ पदार्थांत नव्हते. ते मापनात होते. आघात संपून जातो तेव्हा मापकाचा काटा हलावयासही लागलेला नसतो. ही अडचण कशी दूर झाली याचा इतिहास म्हणजे मुख्यतः एका साध्या पोलादी कांबेचा इतिहास होय.

आघाताच्या मापनाचा पहिला यशस्वी मार्ग इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात दाखविला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडावयाची आणि लंबक किती मागे झुलला ते पाहावयाचे, एवढीच त्याची युक्ती. गोळीचा सर्व संवेग लंबकात उतरतो. लंबक जड असल्यामुळे तो संथ चालतो. आणि संथ चाल डोळ्यांनी मोजता येते. याच रॉबिन्सला पुढे ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात पाठविले, आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात त्याचा अंत झाला. त्याच्या लंबकाने गोळीच्या वेगाचा प्रश्न सोडविला. परंतु आघाताचा प्रश्न सोडविला नाही. लंबक फक्त बेरीज सांगतो. वर्षअखेरची शिल्लक पाहून दुकानात कोणत्या दिवशी किती विक्री झाली हे जसे कळत नाही, तसे लंबकाच्या झोक्यावरून दाब किती उंच चढला आणि किती वेळ टिकला हे कळत नाही. पदार्थ तुटावयाचा की नाही हे मात्र नेमके याच दोन गोष्टींवर अवलंबून असते.

या प्रश्नाकडे पाहण्याची योग्य दृष्टी टॉमस यंग याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत सुचविली होती. आघाताचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की आदळणारी वस्तू कितीही हलकी असो, जिच्यावर ती आदळते ती वस्तू तुटते, असे त्याने तर्काने मांडले. या विचाराला प्रयोगाची जोड मिळण्यास मात्र १८७२ साल उजाडावे लागले. मँचेस्टरचा जॉन हॉपकिन्सन हा आदल्याच वर्षी केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला आलेला तरुण. त्याने लोखंडाची तार वरच्या टोकाशी घट्ट बसवून उभी टांगली, तिच्या खालच्या टोकाशी एक अडणी लावली आणि मधोमध भोक असलेले वजन तारेवरून घसरवीत त्या अडणीवर सोडले. अनेक जणांची अपेक्षा अशी असती की, वजन दुप्पट केले तर तार तोडण्यास निम्मी उंची पुरेल. कारण दोन्ही वेळा ऊर्जा सारखीच. हॉपकिन्सनला निराळेच दिसले. वजने निरनिराळी असूनही तार ज्या उंचीला तुटू लागे ती उंची जवळजवळ तीच राहिली. म्हणजे तार तुटणे हे वजनाच्या ऊर्जेपेक्षा त्याच्या वेगावर अधिक अवलंबून होते. त्याहून नवलाची गोष्ट ही की, वजन आदळे तारेच्या खालच्या टोकाशी आणि पुष्कळदा तार तुटे वरच्या टोकाशी.

याचा उलगडा तरंगाच्या कल्पनेने होतो. वजन अडणीवर आदळते त्या क्षणी वरच्या टोकाला त्याची वार्ताही नसते. ताण तारेतून तरंगरूपाने वर जातो, आणि त्याचा वेग म्हणजे लोखंडातील ध्वनीचा वेग, दर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर. आदळण्याच्या क्षणी खालच्या टोकाशी उत्पन्न होणारे प्रतिबल, म्हणजे छेदाच्या दर एकक क्षेत्रावर येणारे बल, हे लोखंडाची घनता, ध्वनीचा वेग आणि आघाताचा वेग यांच्या गुणाकाराएवढे असते. त्यात वजनाच्या वस्तुमानाला स्थान नाही. सुमारे पाच मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला दहा मीटर होतो. एवढ्या वेगाने लोखंडात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,००० किलोग्रॅम-भार इतके प्रतिबल उत्पन्न होते, आणि ते साध्या लोखंडास तोडण्याच्या बेतास आणणारे आहे. हा तरंग वरच्या घट्ट टोकाशी पोचला की तेथून परत फिरतो. जाणारा आणि येणारा तरंग एकावर एक पडून त्या जागी प्रतिबल दुप्पट होते. वरचे टोक आधी का तुटते याचे कारण हेच. वजनाचे वस्तुमान तरंगाची उंची ठरवीत नाही. तो तरंग किती लवकर ओसरतो, एवढेच ठरविते.

जॉन हॉपकिन्सनने तार तुटण्याची उंची मोजली. तारेतील प्रतिबल मात्र त्याने प्रत्यक्ष मोजले नव्हते, ते गणिताने काढले होते. पुढे दीपगृहांचे दिवे आणि विद्युत्‌यंत्रे यांच्या कामात तो गढून गेला, आणि या विषयाकडे परत वळण्याची संधी त्याला लाभली नाही. २७ ऑगस्ट १८९८ रोजी स्वित्झर्लंडमधील आरोला येथील पर्वतावर चढत असता तो, त्याचा एक मुलगा आणि दोन मुली असे चौघेही कोसळून मरण पावले. त्याचा थोरला मुलगा बर्ट्रम हा त्या वेळी वकिलीच्या व्यवसायात नुकताच शिरला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याने वकिली सोडली, त्यांची अपुरी अभियांत्रिकी कामे हाती घेतली आणि १९०३ मध्ये तो केंब्रिज येथे यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९०५ मध्ये त्याने वडिलांचाच तारेचा प्रयोग पुन्हा केला, पण प्रश्न बदलून. तार कोणत्या आघाताला तुटते एवढेच न विचारता, कायमचा बदल न होता ती क्षणभर किती प्रतिबल सोसते, असे त्याने विचारले. सेकंदाच्या एक-सहस्रांशाइतक्या किंवा त्याहून कमी काळापुरते लोखंड व तांबे यांच्या तारा आपली संथ भाराखालची स्थितिस्थापकतेची मर्यादा, किंबहुना संथ भाराखालची तुटण्याची मर्यादाही, ओलांडून पुन्हा पूर्ववत होऊ शकतात, असे त्याला आढळले. पदार्थाचे बळ हा एकच ठरलेला आकडा नसून भार किती काळ टिकतो याचाही त्यात वाटा असतो, ही गोष्ट येथे प्रयोगाने पुढे आली.

मग खरा प्रश्न उभा राहिला. सेकंदाच्या एक-सहस्रांशाहूनही पुष्कळ लहान काळात चढून उतरणारा दाब मोजावा कसा? त्या काळी उपलब्ध असलेली दाबमापके स्प्रिंग आणि दट्ट्या यांची बनविलेली असत. स्प्रिंगला हलण्यास जो वेळ लागे त्याच्या शतांश काळात स्फोट होऊन जाई. सामान्य बुद्धीने सुचणारा मार्ग म्हणजे मापक अधिकाधिक हलका व चपळ करणे. बर्ट्रम हॉपकिन्सनने १९१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जी पद्धती प्रसिद्ध केली, तीत त्याने याच्या अगदी उलट मार्ग धरला. आघाताशी शर्यत लावण्याऐवजी त्याने आघाताला एका लांब पोलादी कांबेत शिरू दिले. कांबेच्या एका टोकावर गोळी आदळली किंवा स्फोटक उडाले की दाबाचा तरंग आत शिरतो आणि ठरलेल्या वेगाने दुसऱ्या टोकाकडे निघतो. आघात जितका वेळ चालला त्या प्रमाणात हा तरंग कांबेत लांब पसरलेला असतो. पोलादात तरंग सेकंदाच्या दशलक्षांशात सुमारे पाच मिलिमीटर जातो. म्हणजे जो काळ कोणत्याही घड्याळाने मोजता येत नव्हता तो फूटपट्टीने मोजण्याजोगा झाला. काळाचे लांबीत रूपांतर करणे हे या युक्तीचे मर्म होय.

उरलेले काम त्याने रॉबिन्सच्या लंबकावर सोपविले. कांब दोऱ्यांनी आडवी टांगलेली असे. तिच्या दूरच्या टोकाला त्याच जाडीच्या पोलादाचा एक आखूड तुकडा चुंबकीय आकर्षणाने चिकटविलेला असे. दाबाच्या तरंगाला हा सांधा अडथळा करीत नाही. तरंग सांधा ओलांडून तुकड्यात शिरतो. तुकड्याचे पलीकडचे टोक मोकळे असल्यामुळे तरंग तेथून परत फिरताना दाबाचा ताण होतो. चुंबकाने धरलेला सांधा ताण सोसू शकत नाही. त्यामुळे परतणाऱ्या तरंगाचा ताण सांध्याशी येऊन पोचणाऱ्या दाबावर मात करू लागताच तुकडा सुटून उडतो, आणि त्या वेळेपर्यंत आत आलेला संवेग आपल्याबरोबर घेऊन जातो. तुकडा दहा सेंटिमीटर लांबीचा असेल तर जाण्यायेण्याच्या वीस सेंटिमीटरांना सेकंदाचे सुमारे चाळीस दशलक्षांश लागतात. तेवढ्या अवधीतला संवेग तुकड्यात अडकतो. उडालेला तुकडा दुसऱ्या एका लंबकाच्या पेटीत झेलला की त्याच्या झोक्यावरून तो संवेग कळतो, आणि कांबेच्या स्वतःच्या झोक्यावरून मागे राहिलेला संवेग कळतो. आखूड तुकडे लावून दाबाची कमाल उंची काढता येते. तुकडा लांब लांब करीत नेला की अखेर अशी लांबी येते की सर्वच्या सर्व संवेग तुकड्यात जातो व कांब जागच्या जागी स्तब्ध राहते. त्या लांबीवरून आघाताचा एकूण काळ कळतो. स्फोटाच्या धक्क्याने एक टोक ठोकलेली जड कांब हलतसुद्धा नाही, हे दृश्य पाहणाऱ्यास चमत्कारिकच वाटले असेल.

या पद्धतीवर विश्वास ठेवण्यापूर्वी हॉपकिन्सनने तिची परीक्षा घेतली. शिशाची गोळी मोठ्या वेगाने पोलादावर आदळते तेव्हा ती जवळजवळ द्रवासारखी पसरते. त्यामुळे तिचा दाब तिच्या घनतेवरून व वेगावरून, आणि आघाताचा काळ तिच्या लांबीवरून व वेगावरून, आगाऊ काढता येतो. कांबेने दिलेले उत्तर या गणिताशी जुळते असे पाहूनच तो गनकॉटनच्या स्फोटाकडे वळला, ज्याचे उत्तर आधी कोणालाच माहीत नव्हते. त्याच तत्त्वावरून त्याने आणखी एका कोड्याचा उलगडा केला. जाड पोलादी पत्र्याला चिकटून स्फोट झाला असता स्फोटाकडील बाजूस पत्रा अखंड राहतो, पण मागील बाजूने त्याचा एक पापुद्रा सुटून वेगाने उडतो. येथे पत्र्याची मागील बाजू म्हणजे कांबेचे मोकळे टोक, आणि पापुद्रा म्हणजे सुटलेला तुकडा. चिलखताच्या आत असलेल्या माणसाला चिलखत न फुटताही इजा का होते, याचे एक कारण त्यातून स्पष्ट झाले.

लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. बर्ट्रम हॉपकिन्सन युद्धकाळात स्फोटक द्रव्ये, जहाजांचे संरक्षण आणि विमानांतील शस्त्रे यांवरील संशोधनात गुंतला. आपल्या प्रयोगांचा अनुभव प्रत्यक्ष घेता यावा म्हणून तो विमान चालविण्यासही शिकला. २६ ऑगस्ट १९१८ रोजी खराब हवामानात एकटाच विमान चालवीत असता ते कोसळून तो मरण पावला. वडिलांच्या अपघातास वीस वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस उरला होता. त्याच्या कांबेत एक उणीव राहिली होती, आणि तिची त्याला जाणीव होती. कांब दाबाची कमाल उंची आणि एकूण काळ सांगे. पण दाब कसा चढला व कसा उतरला याचा अखंड आलेख ती एका आघातात देत नसे. शिवाय ती आघाताचे मापन करी. आघात सोसणाऱ्या निराळ्या पदार्थाचे मापन करीत नसे.

पहिली उणीव भरून निघण्यास तीस वर्षे गेली, कारण त्यासाठी लागणारे साधन अन्य क्षेत्रात घडावयाचे होते. वेल्समधील भौतिकीविद आर. एम. डेव्हिस यांनी उडणाऱ्या तुकड्याच्या जागी विद्युत्‌धारित्र आणले. कांबेचे मोकळे टोक हेच धारित्राचे एक पट्ट; ते सरकले की धारिता बदलते, आणि तो बदल कॅथोड किरणांच्या ऑसिलोस्कोपवर रेषेच्या रूपाने उमटतो. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत प्रबंधात या साधनाइतकेच महत्त्व त्याच्या मर्यादांच्या चिकित्सेला आहे. जर्मनीत पोखामर याने १८७६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये क्री याने १८८९ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले होते की, जाड कांबेत सर्व तरंग एकाच वेगाने जात नाहीत; आखूड तरंग मागे पडतात. त्यामुळे अतिशय तीव्र चढाचा दाब कांबेतून जाताना थोडा बोथट होतो. डेव्हिस यांनी हा बोथटपणा किती, आणि म्हणून सेकंदाच्या किती अंशापर्यंत कांबेच्या साक्षीवर विसंबावे, हे गणिताने व प्रयोगाने ठरविले. हॉपकिन्सनने कांबेला बोलते केले, तर डेव्हिस यांनी तिच्या बोलण्यातील कोणता भाग ग्राह्य मानावा हे सांगितले.

दुसरी उणीव हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दूर केली. इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत असता त्यांनी कांबेचे दोन भाग केले आणि त्यांच्या मध्ये परीक्ष्य पदार्थाची पातळ चकती ठेवली. पहिल्या कांबेच्या टोकाशी स्फोटकाची टोपी उडविली की तरंग चकतीपर्यंत येतो. त्याचा काही अंश परत फिरतो आणि काही अंश चकतीतून पार होऊन दुसऱ्या कांबेत जातो. पार झालेल्या तरंगावरून चकतीने किती प्रतिबल सोसले ते कळते. आणि चकतीच्या दोन्ही बाजू किती सरकल्या यांतील फरकावरून तिची विकृती, म्हणजे मूळ जाडीच्या प्रमाणात झालेला बदल, कळतो. सेकंदाच्या सुमारे वीस दशलक्षांशांपुरत्या टिकणाऱ्या भाराखाली प्रतिबल व विकृती यांचा संबंध अशा रीतीने मिळू लागला. पर्स्पेक्स भार जाताच जवळजवळ लगेच मूळ जाडीवर येते. रबर व पॉलिथीन रेंगाळत परत येतात. तांबे व शिसे फारसे परततच नाहीत. संथ परीक्षणात जो भेद अंधुक दिसे तो येथे ठळक झाला.

त्यानंतरच्या सुधारणा साधनांच्या होत्या, तत्त्वाच्या नव्हत्या. १९५० नंतरच्या दशकात धारित्राऐवजी कांबेवर चिकटविलेले विद्युत्‌रोधी विकृतिमापक वापरात आले, आणि स्फोटकाऐवजी वायूच्या दाबाने सोडलेली दुसरी आखूड कांब आघात करू लागली. पुढे ताण व पीळ यांच्या परीक्षणासाठीही कांबेची रूपे तयार झाली. नेहमीच्या परीक्षणयंत्रात विकृती साधारणतः सेकंदाला एक-सहस्रांश या प्रमाणात वाढते. विभक्त कांबेत ती सेकंदाला शेकडोपासून सुमारे दहा हजारांपर्यंतच्या प्रमाणात वाढते. या पल्ल्यात सौम्य पोलादाची नमण्याची मर्यादा संथ भाराखालच्या मर्यादेच्या दुपटीवर जाऊ शकते. पुष्कळशा ॲल्युमिनियम मिश्रधातूंत मात्र फारच थोडा फरक पडतो. दोन धातू संथ परीक्षणात सारखे ठरले म्हणून ते अपघातात सारखे ठरतील, असे मानता येत नाही.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विभक्त कांब चकतीतील प्रतिबल प्रत्यक्ष पाहत नाही. ती दोन्ही बाजूंच्या कांबांत पाहते आणि चकतीविषयी अनुमान करते. हे अनुमान खरे ठरण्यास चकतीत प्रतिबल सर्वत्र सारखे पसरलेले असावे लागते, कांबांच्या टोकांशी घर्षण अल्प असावे लागते, आणि चकतीच्या स्वतःच्या जडत्वाचा परिणाम नगण्य असावा लागतो. १९६३ मध्ये ई. डी. एच. डेव्हिस व एस. सी. हंटर यांनी याच दृष्टीने चकतीची जाडी व व्यास यांचे प्रमाण ठरविण्याचा नियम दिला. काँक्रीटसारख्या ठिसूळ पदार्थांत ही अडचण विशेष जाणवते. मोठ्या वेगाने दाबलेले काँक्रीट अधिक बळकट दिसते. परंतु त्या वाढीचा काही भाग काँक्रीटच्या अंगचा नसून, बाहेर पसरू पाहणाऱ्या त्याच्याच वस्तुमानाच्या जडत्वाने त्याला क्षणभर आवळून धरल्यामुळे येतो. जो आराखडाकार हा भेद न करता तो आकडा इमारतीच्या गणितात घालील, तो नसलेल्या बळावर विसंबेल.

जॉन हॉपकिन्सनच्या तारेपासून कोल्स्कींच्या चकतीपर्यंतचा हा प्रवास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक टप्प्यावर प्रगती झाली ती मापक अधिक चपळ झाला एवढ्यामुळे नव्हे, तर मापक आणि मोजावयाची घटना यांतील संबंध नीट उमगल्यामुळे. पित्याला तार तुटलेली दिसली आणि तिच्यात तरंग आहे हे त्याने ओळखले. पुत्राने त्याच तरंगाला मापनाचे वाहन केले. डेव्हिस यांनी त्या वाहनाचे दोष मोजले. आणि कोल्स्कींनी त्याच्या वाटेत पदार्थ ठेवून त्याची चौकशी केली. आजही जगातील अनेक प्रयोगशाळांत हीच कांब, कोठे हॉपकिन्सनच्या नावाने तर कोठे कोल्स्कींच्या नावाने, वापरली जाते. तिने दिलेला प्रत्येक आकडा काही गृहीतांच्या आधारावर उभा असतो, आणि ती गृहीते त्या विशिष्ट प्रयोगात पाळली गेली की नाहीत हे तपासण्याचे काम कांब करीत नाही. ते प्रयोग करणाऱ्यानेच करावयाचे असते.